दुसऱ्या गिअरची खोड

बाबा, मी सध्या आईकडेच आहे, अकोल्याला, आपल्या मधल्या खोलीत. खिडकी बंद आहे. बाळंतिणीला वारा लागतो असं आईचं म्हणणं, आणि थंडीत झालेली पोरगी आता उन्हाळ्यात आली तरी तिच्या लेखी मी बाळंतीणच. कूलर बाहेरच्या खोलीत आहे, त्याची हवा दारातून वळून येईपर्यंत गरम होते. तुम्ही म्हणाल, काऊन बापा, एवढी भटकी पोट्टी घरात सापडली कशी. सापडली खरी. पोरगी माझ्या बाजूला निजली आहे, तिच्याखाली ती जाड गोधडी आहे जी तुम्ही घडी करून गाडीत पुढच्या सीटवर टाकायचे, मला रस्ता दिसावा म्हणून. धुतली तरी एका कोपऱ्यावर ऑइलचा डाग आहे. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून लिहायला जमतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, कोणाला तरी बोला. जिवंत माणसांशी बोलायला बसलं की ती आधी रडतात.

तुम्ही गेले तेव्हा मी दहावीत होते, त्यामुळे पुढचं तुम्हाला माहीत नाही. पुढचं फार नाही. दोन कॉलेजं अर्धी सोडली. नागपूरला कपड्याच्या दुकानात उभी राहिले, शेगावला एका लॉजच्या काउंटरवर बसले, एक पावसाळा चिखलदऱ्याला मक्याची कणसं भाजणाऱ्या बाईसोबत काढला, आणि तिथलं धुकं तुम्हाला दाखवायला पाहिजे होतं, हेडलाइट लावूनही समोरचा माणूस दिसत नाही, तुम्ही तिथं शिव्या देत गाडी चालवली असती. असो. मग अमरावतीत एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागले. तिथं टिकले, कारण ते काम फिरायचंच आहे. सकाळी लवकर स्कूटी काढायची, साईनगर, कठोरा नाका, कधी बडनेरा, घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांचं उपाशीपोटीचं रक्त काढायचं, बर्फाच्या डब्यात नळ्या ठेवून लॅबमध्ये आणायच्या. शिक्षण माझं अर्धवट, पण हात हलका आहे. लोक फोन करून सांगायचे, ती स्कूटीवाली पोरगीच पाठवा. बाबा, माझ्याबद्दल कोणी असं पहिल्यांदाच म्हणत होतं.

तुमची गाडी तुमची नव्हती, शेठची होती, हे मला फार उशिरा कळलं. मला वाटायचं अकोला-अकोट रोडवरची ती काळी-पिवळी म्हणजे आपल्या घराचाच एक भाग आहे, चाकं लावलेला. तिचा दुसरा गिअर निसटायचा. तुम्ही डावा गुडघा दांड्याला टेकवून तो धरून ठेवायचे, पूर्णेच्या पुलाच्या चढाला तर दात आवळून. मिस्त्री म्हणायचा, एक दिवस गाडी सोडा, करून देतो. तुम्ही कधी सोडली नाही. मग तुम्हाला मलेरिया झाला, तेव्हाची गोष्ट. मी तुमची किल्ली ज्वारीच्या पिंपात लपवली, तुम्ही घरी राहावं म्हणून. पिंपात हात घालून तुम्ही ती काढली, अंगावर चादर तशीच, आणि मला म्हणाले, "मी अठी निजून रायलो त स्टँडवर माया नंबर कोन धरीन? तू?" मी रडले. तुम्ही गेले, आणि दुपारी लोकांनी तुम्हाला रिक्षात घालून परत आणलं. नंतर काही दिवस बदली ड्रायव्हर होता, उंच, पान खाणारा. तो एका संध्याकाळी किल्ली फेकूनच गेला. "लय चावट गाडी हाय राजेहो तुमची. पुलावर नागवं केलं मले पॅशिंजरासमोर. तुमची तुमीच चालवा." तो गेल्यावर तुम्ही चादरीच्या आत हसत होते. आईनं विचारलं, त्याला गुडघ्याचं सांगितलं नाही का. तुम्ही म्हणाले, "एक खोड आपल्याजवळ ठेवा लागते व. समदं सांगून देलं त मंग शेठले माया काय काम?"

हे वाक्य मी विसरले नाही. ते पुढं येईल.

पोरगी झाली आणि मला काही वाटलं नाही. सगळे पेढे वाटत होते आणि मला ती शेजारच्या घरात रडतेय असं ऐकू यायचं, मांडीवर असली तरी. मी वाट पाहायचे की तिची आई येऊन तिला घेईल. झोप गेली. पोरगी निजायची, आई निजायची, आणि मी पंख्याकडे पाहत बसायचे. गोडंबी-डिंकाचे लाडू आईनं कुठून कुठून सामान आणून केले, मी ते उशीखाली ठेवायचे, मुंग्या आल्या तेव्हा आईला कळलं. तिनं शेक दिला, शेपाची धुरी दिली, कानाला फडकं बांधलं, दृष्ट काढली. जेवढं तिला माहीत होतं तेवढं सगळं केलं. मी दिवसभर एकच गोष्ट ठरवायचे, कोणती गाडी कुठं जाते. मूर्तिजापूरची, शेगावची, चांदूर रेल्वेची. ठरवताना बरं वाटायचं.

एका सकाळी आई मागं कपडे वाळत घालत होती, पोरगी निजली होती. मी घरातल्या चपला घालून निघाले आणि स्टँडवर जाऊन अकोटच्या गाडीत बसले. कानाला फडकं तसंच. ड्रायव्हर तुमच्यावेळचा होता, तुम्ही ज्याला भाऊ म्हणायचे आणि जो तुमच्या डब्यातलं लोणचं खायचा. त्यानं मला ओळखलं, पुढं बसवलं. पूर्णा ओलांडल्यावर फक्त म्हणाला, "लेकरू कोनापाशी हाय, माय?" मला सांगता येईना. म्हणजे उत्तर माहीत होतं, पण ते तोंडापर्यंत आणायला फार लांबून आणावं लागत होतं. त्यानं गाडी बाजूला घेतली, समोरून येणाऱ्या गाडीला हात केला आणि मला तिच्यात पुढं बसवून दिलं. त्या ड्रायव्हरला म्हणाला, "घरापाशी सोडजो. दारापाशी नाई, घरात." तुमच्या लोकांची पद्धत आहे ना ही, बाबा, पॅसेंजर एका गाडीतून दुसऱ्या गाडीत देऊन टाकायची. तशी मी घरी पोचले. माझा कुरता दुधानं ओला झाला होता. आई दारासमोरच्या ओट्यावर बसली होती, पोरगी खांद्यावर, आणि ती ओरडली नाही. त्याच आठवड्यात ती मला डॉक्टरकडे घेऊन गेली.

डॉक्टरीणबाई मानसोपचारवाल्या. आईनं रिक्षा पाटीपासून दूर थांबवली. बाई साध्या बोलल्या. हा आजार आहे, बाळंतपणानंतर पुष्कळ बायांना होतो, गोळ्यांनी बरा होतो, वेळ लागतो, आणि काही आठवडे कामावर जायचं नाही, गाडी चालवायची नाही. मी विचारलं, काही आठवडे म्हणजे किती. त्या म्हणाल्या, तुमच्यावर आहे. मला ते ऐकून रागच आला, कारण माझ्यावर काही असतं तर मी पूर्णेवरून परत आलेच नसते.

तोवर लॅबच्या सरांनी कबूल केलेली तीन महिन्यांची सुट्टी संपत आली होती. माझ्या जागी एक पोरगी ठेवली होती, लॅबच्या त्याच स्कूटीवर, जी मी माझी समजायचे. सुट्टी वाढवायची तर काय सांगायचं यावर इथं बैठक बसली. आई, मी आणि फोनवर तुमचा जावई. तो एसी-फ्रिज दुरुस्त करतो, उन्हाळ्यात त्याला श्वास घ्यायला वेळ नसतो, रविवारी येतो तेव्हा अंगाला गॅसचा वास असतो. भला माणूस आहे. पण घाबरतो. आई म्हणाली, "डोक्याचं सांगाल त हातात सुई देतील का तिच्या कोनी? अन् उद्या लोकं म्हनतील येडीची पोरगी हाय." जावई म्हणाला, खरं आहे आई. मग आईनंच काढलं, "कावीळ सांगा. काविळीले समदे सुट्टी देतात. पथ्य असते, दोन महिने उठू देत नाई." जावयाला ते इतकं पटलं की त्यानं लगेच सरांना फोन केला. मी तिथंच बसले होते. मला ऐकू येत होतं.

बाबा, तिघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही की आपण काविळीची थाप रक्त तपासणाऱ्या माणसाला मारतोय.

सरांनी दुसऱ्या दिवशी उलट फोन केला. एवढे मायेनं बोलले की जावई मला सांगताना अडखळत होता. म्हणाले, अरे, आपलीच पोरगी आहे, बाहेर कुठं कशाला पैसे घालता, काविळीचं बिलिरुबिन आपणच तपासू. आमच्या ताईला पाठवतो घरी.

ताई म्हणजे लॅबमधली सगळ्यात जुनी बाई. मला सुई धरायला तिनंच शिकवलं, आधी उशीवर, मग स्वतःच्या हातावर. ती बडनेऱ्याहून पॅसेंजर गाडीनं आली, दारातच बोलायला लागली, "मूर्तिजापूरले अशी थांबली गाडी, जशी तिची मावशी राहते तठी." हातात थर्मास, उसाच्या रसाचा, आणि पिशवीत फुटाणे. काविळीचं पथ्य. मी मधल्या खोलीत होते, आणि आईनं तासाभरापूर्वी काय केलं होतं ते ऐका. हळद कालवून तिनं माझ्या तोंडाला, हाताला, पायाला फासली होती आणि पुसून घेतली होती. मी विचारलं, आई, हे काय. ती म्हणाली, चूप बैस. तिचे स्वतःचे हात मनगटापर्यंत पिवळे. दोन दिवस ते निघाले नाहीत.

ताई माझ्यासमोर बसली, अंगठ्यानं माझी खालची पापणी ओढली आणि पाहिलं. मग आईकडे पाहिलं, तिच्या हातांकडे. "मावशी," ती म्हणाली, "डोळे त पांढरे फटक हायेत हिचे. डोळ्यात हळद टाकता आली नाई वाटते तुमाले."

आई म्हणाली, "उतरली आता कावीळ. औषध आनलं होतं झाडपाल्याचं."

"बरं झालं. पाहून घेऊ किती उतरली." ताईनं माझ्या दंडाला पट्टा बांधला. मूठ आवळ म्हणाली. मी आवळली. माझ्या हातावर शीर वर आली, जाड, सोपी. एवढे दिवस मी दुसऱ्यांच्या शिरा पाहिल्या, माझी स्वतःची कधी पाहिली नव्हती. कापसाचा बोळा थंड लागला. आणि मी म्हणाले, "ताई, काढू नको. कावीळ नाही मला. डोक्याचा आजार आहे. पोरगी झाल्यापासून. गोळ्या चालू आहेत."

आई उठून बाहेर गेली. भांडी घासल्याचा आवाज यायला लागला, भांडी सकाळीच घासली होती तरी.

ताईनं पट्टा सोडला. सोडायला विसरली असती तर मला बरं वाटलं असतं, पण ती कधी विसरत नाही. रसाचा थर्मास उघडून तिनं एक पेला मला दिला आणि एक स्वतः घेतला. पोरगी उठली होती, तिला पायानं हलकं हलकं थोपटत राहिली. मग म्हणाली, "मी सरले काय सांगू?" मी पेला खाली ठेवला. ती म्हणाली, "एक काम होते. कॅम्प भागातला एक पेशंट हाय, कावीळवाला, रोज येते. त्याच्या रक्तातलंच तुया नावानं लावून देतो. रिपोर्ट येते पिवळाजर्द. कोनाले कळत नाई. दोन महिने आराम कर."

तिनं हे म्हटलं म्हणजे तिला माझ्याबद्दल किती वाटत होतं ते मला कळलं. आमच्या कामात दुसरं काही चुकलं तरी चालतं, सुई चुकली तर परत टोचता येते. नळीवरचं नाव चुकलं तर कोणाच्या तरी पोटात कोणाचं तरी औषध जातं. पहिल्या दिवशी ताईनं मला हेच शिकवलं होतं, पेशंटच्या समोर, त्याच्या तोंडून नाव ऐकून नाव लिहायचं, मगच उठायचं. मला बाकी कशाचीच खात्री नव्हती, पोरगी माझी आहे याचीसुद्धा तेव्हा रोज नसायची. पण माझं नाव लिहिलेल्या नळीत त्या माणसाचं रक्त, हे मला बघवेना. मी म्हणाले, "फोन लाव सरांना. मी बोलते."

मी बोलले. सरांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आधी सांगायचं होतं." मी म्हणाले, हो. म्हणाले, "गोळ्यांनी झोप येते का?" मी म्हणाले, येते. "गाडी?" मी म्हणाले, डॉक्टर नाही म्हणतात अजून. "पेशंटच्या घरी एकटी जाते तू. मला विचार करावा लागेल ना." रागात नव्हते ते, त्याचाच त्रास झाला. शेवटी म्हणाले, "डॉक्टरनी ठीक आहे म्हणून लिहून दिलं की ये. तोवर ती पोरगी करतेय काम." मी विचारलं, "म्हणजे जागा माझी आहे ना सर?" ते म्हणाले, "बघू."

बाबा, या शब्दात मी महिनाभर राहते आहे. या खोलीपेक्षा तो लहान आहे. त्यातून हो पण निघत नाही, नाही पण निघत नाही. ताई निघताना आईला म्हणाली, "मावशी, पोरगी बरी होते हो. मी पायलेल्या हायेत अशा." आई म्हणाली, "नोकरी गेली ना पन." ताईनं चपला घातल्या. थर्मास इथंच विसरून गेली, आई त्यात आता पोरीचं गरम पाणी ठेवते. आईशी मी दोन दिवस बोलले नाही, मग तिनं माझ्या कानाचं फडकं स्वतःच सोडलं आणि घडी करून ठेवलं. खिडकी मात्र बंदच आहे.

थोडा फरक पडला आहे, खोटं कशाला सांगू. झोप येते. परवा पोरगी शिंकली आणि मला हसू आलं, मग हसू आलं म्हणून मी घाबरले. पण रोज सकाळी उठल्या उठल्या मनात स्कूटी निघते. आता ती राजापेठेत असेल, आता पुलावर. स्कूटीचे आरसे त्या पोरीनं आपल्या उंचीप्रमाणे फिरवले असतील.

त्या पोरीचा काल फोन आला. नंबर ताईनं दिला असणार. आवाज अजूनही तसाच कोवळा, शिकाऊ. "ताई, तुमाले तरास देऊन रायली, सॉरी. साईनगरच्या आजी हायेत ना, मिलिटरीतल्या आजोबाच्या घरी. शीर सापडत नाई मले. मागच्या टायमाले तीनदा टोचलं. हात निळा झाला आजीचा. उद्या परत हाय. सर म्हनतात, आता नाई जमलं त पाहा लागीन."

त्या आजीची शीर कोपरात नाही. उजव्या हातात तर नाहीच. डावा हात गरम पाण्याच्या वाटीत थोडा वेळ ठेवायचा, मूठ वळायला सांगायची नाही, हात खाली सोडायला सांगायचा, मग मनगटाच्या मागं, अंगठ्याच्या बाजूला, बांगडीच्या जागी एक बारीक शीर येते. दिसत नाही, बोटाला लागते. हे मला सापडायला दोन महिने लागले होते. मी कोणाला सांगितलं नव्हतं, ताईलासुद्धा नाही. सुट्टीवर येताना त्या पोरीला सगळी घरं दाखवली, कुठं कुत्रं आहे, कुठं आधी चहा घ्यावाच लागतो, सगळं. हे तेवढं दाखवलं नाही. तुमचा गुडघा आठवला होता मला तेव्हा, स्पष्ट आठवला होता.

फोन कानाला, पोरगी मांडीवर. लॅबमधली पोरगी तिकडून हॅलो हॅलो करत होती. मला आजीचा हात दिसत होता, निळा झालेला. आजी मला दर वेळी रक्त काढून झालं की खडीसाखर द्यायच्या, मलाच, जणू मीच टोचून घेतलं. मी सांगितलं. डावा हात, गरम पाणी, मूठ नाही, बांगडीची जागा. तिनं दोनदा म्हणून घेतलं. "लय उपकार झाले ताई," म्हणाली. "तुमी कधी येता?" मी म्हणाले, बघू.

तुम्हाला हे आवडणार नाही, माहीत आहे. तुम्ही चादरीतून तोंड बाहेर काढून मला येडी म्हणाले असते. मी शहाणी झाले असं काही तुम्हाला सांगायचं नाही. आज सकाळी पोरीला दूध पाजताना मी फोन शेजारी ठेवला होता, आवाज मोठा करून. साईनगरची वेळ झाली, होऊन गेली. त्या नव्या पोरीला शीर सापडू नये आणि तिचा परत फोन यावा, असं मला वाटत होतं. फोन आला नाही.